जावेच्या भाठ्यावर स्टेशन आलं

माझ्या धाकट्या जावेचं काही चांगलं झालं की माझ्या पोटात दुखतं. डॉक्टरला दाखवण्यासारखं ते दुखणं नाही, म्हणून इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. तिच्या मुलीला दहावीत माझ्या मुलापेक्षा जास्त मार्क पडले तेव्हा दुखलं. पन्नाशी आली तरी तिचे केस काळेभोर राहिले, मेंदीचा हातसुद्धा न लावता, तेव्हा दुखलं. पण ही सगळी किरकोळ दुखणी. मोठं दुखणं मला सरकारनं दिलं.

त्या सकाळी आमचे हे पोह्यांची बशी मांडीवर ठेवून हिंदी पेपर वाचत होते. जलसंसाधन खात्यात तीस वर्षं बाबूगिरी केल्यामुळे सरकारी बातमी ते मोठ्यानं वाचतात आणि वाचताना स्वतःच मान डोलावतात. विधानसभेत नवा कायदा पास झाला होता. रेल्वे स्टेशनच्या आणि मोठ्या बस थांब्याच्या आसपास, म्हणजे पायी जाण्याच्या अंतरात, घरं लवकर बांधली जावीत म्हणून. तिथे शेतजमीन बिनशेतीची करायला, ज्याला इकडे सगळे डायवर्सन म्हणतात, वेगळे खेटे घालावे लागणार नव्हते. मजले जास्त चढवता येणार होते. आणि नकाशा दिला की कार्यालयानं ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यायचं. नाही दिलं तर मंजुरी मिळाली असं समजायचं.

"ऐकून राहिली का?" हे म्हणाले. "आपला भाठा यात येते."

"आपला कुठला?" मी म्हणाले. "त्यांचा."

आणि तिथेच माझ्या पोटात कळ आली.

भाठा म्हणजे छत्तीसगडात लाल मुरमाची उंचवट्यावरची जमीन. तिच्यात धान होत नाही, विहिरीला पाणी लागत नाही. माझे सासरे रेल्वेत गार्ड होते. विदर्भातून बदली होऊन रायपूरला आले आणि इथलेच झाले. चौबे कॉलनीत त्यांनी घर बांधलं, ते सगळ्यांना समजलं. पण रिटायर झाल्यावर शहराबाहेर, रुळांना लागून, त्यांनी हा भाठ्याचा तुकडा का घेतला ते कुणालाच समजलं नाही. सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत. सासरे एवढंच म्हणत, जिथून गाडी जाते तिथे ती कधी ना कधी थांबेल. आम्ही हसायचो. मी सगळ्यात जास्त हसायचे. सुटीत सगळ्यांना तिथे नेऊन ते बोरीच्या झुडपांखाली सतरंजी घालायचे आणि जाणाऱ्या मालगाडीचे डबे मुलांना मोजायला लावायचे, आणि मी चपलेतले खडे झटकत म्हणायचे, सहलीला याहून वाईट जागा अख्ख्या राज्यात नसेल.

आता नव्या रायपूरकडे जाणारी छोटी गाडी सुरू झाली होती आणि ती बरोब्बर तिथेच थांबत होती. स्टेशनाला शेड होती, नळ होता, रंगवलेली बाकं होती. आणि वर हा कायदा.

हा भाठा जावेकडे कसा गेला ते सांगितल्याशिवाय माझ्या दुखण्याची मेख कळायची नाही. आमच्या घराण्यात वाटणीची एक रीत आहे. वाटे मोठ्यानं घालायचे आणि उचलायचे धाकट्यानं. दोन कागदांवर दोन वाटे लिहायचे, ते उघडे देवापुढे ठेवायचे, प्रत्येकावर एक नारळ. धाकटा ज्या नारळाला हात लावील तो वाटा त्याचा, उरेल तो मोठ्याचा. मोठ्यानं लबाडी करून एक वाटा जड केला तर धाकटा तोच उचलणार, म्हणून मोठा मुकाट्यानं सारखे वाटे घालतो. नंतर त्यावर कुणी शब्द काढायचा नाही. सासरे गेल्यावर दोघा भावांची वाटणी अशीच झाली. यांचं अक्षर कुणाला लागत नाही, म्हणून हे मला म्हणाले, "तूच लिही." वाटे मी घातले.

एका कागदावर मी चौबे कॉलनीचं घर लिहिलं. दुसऱ्यावर भाठा. एका बाजूला अख्खं घर आणि दुसऱ्या बाजूला नुसते खडे, हे अगदीच उघडं दिसत होतं, म्हणून भाठ्याखाली मी सासऱ्यांची स्कूटर लिहिली आणि घरातली सगळी तांब्यापितळेची भांडी लिहिली. भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, गोल बाजारात भांड्यांच्याच दुकानात काउंटरवर नोकरीला. भांडी ते दिवसभर बघतात, त्यांना मी घरीही भांडीच दिली. तरी माझा जीव टांगणीला होता, कारण रीतीप्रमाणे हात आधी त्यांचा लागणार होता, आणि आंधळ्यालाही कळलं असतं की कोणता नारळ उचलायचा.

म्हणून आदल्या दुपारी स्वयंपाकघरात जाऊ वाटाणे सोलत बसली होती तेव्हा मी सहज बोलावं तसं बोलले. म्हटलं, आईंना या वयात या घरातून हलवलं तर त्या टिकायच्या नाहीत. आणि तुमच्या त्या बुढापारा मोहल्ल्यातल्या भाड्याच्या दोन खोल्यांमध्ये त्यांना ठेवशील कुठे? मी काही मागितलं नाही, बरं का. फक्त आईंची काळजी केली. जावेनं वाटाण्यातून मान वर न करता "हव, ताई" म्हटलं. दुसऱ्या दिवशी भाऊजींचा हात घराच्या नारळाकडे वळलासुद्धा नाही. सरळ भाठ्याचा नारळ उचलून त्यांनी डोळ्यांना लावला, आणि संध्याकाळी भांड्यांचं पोतं स्कूटरवर बांधून दोघं बुढापाऱ्याला गेली.

सासूबाई त्यानंतर सहा वर्षं जगल्या. शेवटची दोन अंथरुणात. त्यांचं सगळं मी केलं, हे मी ओरडून सांगू शकते. त्या गेल्यावर घर पूर्ण आमचं झालं आणि मला वाटलं, मी ते कमावलं. म्हणजे खोटं मी एका दुपारी बोलले होते आणि खरं मात्र सहा वर्षं केलं होतं. हिशेब मिटला असं समजून मी निवांत होते, तेवढ्यात ती गाडी येऊन थांबली.

बिल्डर भाऊजींकडे आठ दिवसांत आला. बांधायचं त्यानं, जमीन भाऊजींची, आणि त्याबद्दल वरच्या मजल्यावर तीन खोल्यांचा फ्लॅट आणि खाली एक दुकानाचा गाळा भाऊजींना. बावीस वर्षं भाड्याच्या खोल्यांत काढलेली माणसं ही. त्यातच बुढापाऱ्यातल्या मालकानं घर पाडायचं काढलं होतं आणि दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या करा म्हणून सांगितलं होतं. सगळं कसं जुळून आलं होतं, फक्त एक अडलं. वाटणी आम्ही नारळांवर केली होती, कागदावर घरचीच सही होती, पण पटवाऱ्याच्या, म्हणजे इथल्या तलाठ्याच्या, दप्तरात नावं बदलून घ्यायचं दोघाही भावांना सुचलं नव्हतं. तिथे भाठ्यावर अजून दोघांची नावं. यांच्या सहमतीपत्राशिवाय अर्जच दाखल होणार नव्हता.

भाऊजी ते सहमतीपत्र घेऊन आले. सोबत अर्धा किलो पेढे. हे लगेच पेन शोधायला लागले. मी म्हटलं, "ठेवून जा भाऊजी, वाचून करतील. इतक्या वर्षांची नोकरी, न वाचता सही करत नाहीत ते." यांनी माझ्याकडे बघितलं. जन्मात यांनी काही वाचून सही केलेली नाही.

पेढे मी कामवाल्या बाईला दिले. कागद कपाटात शालींच्या घडीत गेला.

नंतरचे दोन महिने मी काय केलं ते आठवलं की आता मलाच नवल वाटतं. कार्यालयांनी घिसाडघाई करावी म्हणून सरकारनं कायदा केला, मुदती घातल्या, आणि कार्यालयांनी जी कामं सोडली ती मी उचलली. पहिल्यांदा म्हटलं यांचा चष्मा दुरुस्तीला दिलाय. मग पितृपक्ष लागला. पितृपक्षात कोणी घराच्या कागदावर सही करतं का? मग म्हटलं, एकदा वकिलाला दाखवू. वकील आमच्याच गल्लीत राहतो, पण त्याला मी दाखवला नाही. जुन्या काळी साहेब रजेवर असायचे, फाइल वरच्या मजल्यावर गेलेली असायची, ते सगळं आता माझ्या घरात होत होतं. नुसतं ठप्पा मारायचं लाकडी टेबल तेवढं नव्हतं.

भाऊजी दोनदा आले, तिसऱ्यांदा फोन केला. मग त्यांची मुलगी आली. ती मराठी समजते, उत्तर हिंदीत देते. चहा घेता घेता तिनं सरळ विचारलं, "बड़ी मम्मी, साइन क्यों नहीं हो रहा? बिल्डर बोल रहा है, इस महीने के बाद वो बाजूवाला प्लॉट ले लेगा."

"होईल गं," मी म्हटलं. "घाई काय आहे?"

"हमको तो दिवाली तक घर ख़ाली करना है ना," ती म्हणाली, आणि कप उचलून मोरीत ठेवायला गेली. पोरगी आईवर गेली आहे. उलट बोलत नाही, त्यामुळे भांडताही येत नाही.

एक दिवस मी कुणाला न सांगता तो भाठा बघायला गेले. रायपुरात बायका उन्हासाठी डोकं-तोंड स्कार्फात गुंडाळतात, नुसते डोळे उघडे. ओळखीच्या बाईशेजारी उभं राहिलं तरी कळत नाही. तशी गुंडाळून मी स्टेशनवर तिकीट काढलं आणि त्या छोट्या गाडीत बसले. गाडी स्वच्छ होती, वेळेवर होती, खिडकीशी जागा मिळाली. प्रत्येक गोष्टीचा मला राग येत होता. निदान गर्दी तरी असावी की नाही!

कायद्यात अंतर अर्ध्या किलोमीटरचं होतं, ते मी यांच्याकडून काढून घेतलं होतं. माझ्या मनात एक आशा होती की भाठा थोडासा बाहेर पडेल. पेपरवाल्यांनी ठोकून दिलं असेल, मोजलंय कुणी? म्हणून फलाटाच्या फाटकापासून मी पावलं मोजायला सुरुवात केली. पावलं जास्त भरावीत म्हणून लहान लहान टाकली. पाय बांधलेल्या कोंबडीसारखी मी मुरमाच्या वाटेनं चालत होते, आणि मागून येणारा एक म्हातारा सायकलवरून उतरून म्हणाला, "गोड़ पिरावत हे का दाई?" पाय दुखतात का आई, म्हणून. मी मान हलवली आणि त्यात आकडा विसरले. पण त्याचं काही अडलं नाही. इतकी लहान पावलं टाकूनही मी तीनशेपर्यंत काही पोचले नव्हते, आणि भाठा समोर आला होता.

तिथे जाऊ उभी होती. बिल्डरचा माणूस मापाचा फीता घेऊन एका टोकाला आणि दुसरं टोक हिनं धरलेलं. पदर खोचलेला, पायात साध्या चपला. फीता ताणला की हिला एक पाऊल पुढे ओढत होता आणि ही हसत होती. यांच्या सहीचा कागद माझ्या कपाटात अडकलेला, मालक खोल्या रिकाम्या करायला सांगतोय, आणि ही हसत होती! मी बोरीच्या झुडपाआड उभी राहून बघत होते. मग तिनं पिशवीतून डबा काढला, त्या माणसाला दोन पोळ्या दिल्या, स्वतः दगडावर बसून खाल्लं आणि एक मालगाडी गेली तिच्याकडे बघत राहिली. ओठ हलत होते. ही बाई डबे मोजत होती.

परतीच्या गाडीत मला रडू आलं. त्या जागेवर मी किती वेळा गेले होते, सासऱ्यांनी सतरंजी आमच्या दोघींसाठी घातली होती, आणि मला तिथे फक्त खडे दिसले. हिला तेव्हाही करमायचं. आता वाटतं, हिचा हेवा मी तेव्हापासूनच करत असेन.

पण रडून माणूस सुधारतोच असं नाही. घरी येऊन मी यांना म्हणाले, "वाटणी परत करा."

"काहून?" हे म्हणाले. "रीत आहे. नारळ उचलला, झालं."

"रीत केली तेव्हा स्टेशन नव्हतं. कायदा नव्हता. आईंचं सहा वर्षं मी केलं. घराचं निम्मं त्यांना देऊ, भाठ्याचं निम्मं आपल्याला."

"मी त्याले असं कसं म्हणू? वाटे आपण घातले."

"मी घातले," मी म्हटलं. "तुम्ही म्हणू नका. तुम्ही फक्त सही करू नका."

यांचा स्वभाव असा की घरात आवाज चढला की हे बाहेर जाऊन तुळशीला पाणी घालतात. त्या महिन्यात तुळस पाण्यानं सडायची तेवढी राहिली होती. सही मात्र यांनी केली नाही, आणि भाऊजींनी येणं बंद केलं. महिना संपायला चार दिवस उरले होते.

त्या दुपारी बेल वाजली. दारात जाऊ. एकटी, हातात कापडी पिशवी. हे पेपर तोंडासमोर धरून बसले. ती आत आली, देवघरासमोर पाट मांडला, पिशवीतून स्टीलची थाळी काढली, दोन कागद काढले, दोन नारळ काढले.

"हे काय?" मी विचारलं.

"यावेळी वाटे मी घातले, ताई," ती म्हणाली. "तुमी उचला. घालणाऱ्यानं मागून उचलायचं, रीत थेच आहे."

कागद उघडे होते. तिचं अक्षर शाळेतल्या मुलीचं, प्रत्येक ओळ खाली उतरत जाणारी. एकावर लिहिलं होतं, चौबे कॉलनीचं घर. दुसऱ्यावर, भाठा, स्टेशन आणि बिल्डरसकट. स्कूटर नाही, भांडी नाहीत. एकात पूर्ण एक, दुसऱ्यात पूर्ण दुसरं.

"भाऊजींना माहीत आहे?" मी विचारलं.

"हव," ती म्हणाली.

यांनी पेपर खाली केला. "अगं, पण..." म्हणाले, आणि परत वर केला.

जे दोन महिने मनातल्या मनात मागत होते ते समोर थाळीत होतं. मी पाटासमोर बसले. हात भाठ्याच्या नारळाकडे नेला. शेंडीला बोट लागलं असेल नसेल, इतक्यात मी तिला म्हणाले, "मग तू? तुम्ही कुठे जाल?"

"इथं," ती म्हणाली. "घर आमच्या वाट्याले आलं का इथंच येऊ नं." आणि तिनं मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. "ओटा थोडा खाली करीन. मी बुटकी, मले उंच होते. खिडकी मात्र तशीच ठेवीन. लय चांगली हवा येते त्या खिडकीतून."

ती खिडकी. तिच्यातून येणारी हवा मी तीस वर्षं घेतली, पण चांगली आहे असं कधी म्हटलं नव्हतं. आता ही त्या खिडकीशी उभी राहणार, माझ्या ओट्यावर, आणि कढीला फोडणी देणार. माझा ओटा फोडून! अंगाची अशी काही लाही झाली की बोट आपोआप नारळावरून निघालं. मी हात घराच्या नारळाकडे नेला. तशी तिची नजर भाठ्याच्या कागदावर गेली, आणि मला दिसलं की आता तो हिचा होणार, तीन खोल्या, गाळा, रंगवलेल्या बाकांचं स्टेशन. हात परत तिकडे. मग परत इकडे. हसू नका. दोन नारळांमध्ये माझा हात घड्याळाच्या लंबकासारखा हलत होता, आणि हे पेपरच्या कडेवरून बघत होते, आणि मला कळून चुकलं की माझं दुखणं भाठ्याचं नाहीच. ज्या वाट्याकडे ही बघेल तो मला मोठा दिसतो. हिच्या वाट्याला नुसती स्कूटर आली असती तरी मला स्कूटर चालवायची हौस आली असती.

"उचला नं, ताई," ती म्हणाली.

"तू माझ्यावर चिडली आहेस का?" मी विचारलं. हे मी का विचारलं देव जाणे.

ती म्हणाली, "चिडली नाई. पण त्या येळी तुमी आईचं नाव घेतलं थे मले आवडलं नाई. घर पायजे होतं त सरळ मागायचं होतं. यायनं देलं असतं. तुमी मागितलं असतं त यायनं खरंच देलं असतं."

म्हणजे वाटाणे सोलताना तिला सगळं समजलं होतं. मी इतकी वर्षं समजत होते की मी कारस्थान केलं आणि ते फत्ते झालं. कारस्थान कसलं, त्यांनी मला घर देऊन टाकलं होतं, आणि मी त्याला चोरीचा माल समजून जपत बसले होते.

"आन मीबी जळत होती," ती पुढे म्हणाली. "खोटं काहून बोलू. दर दिवाळीले इथून जेवून जायची नं, त घरी पोचेपर्यंत यायच्याशी बोलायची नाई. ताईचा ओटा, ताईचं अंगण, ताईची खिडकी. आमच्या खोलीत त मच्छरायसाठी धूर केला का डोळे चुरचुरायचे दिवसभर."

खरं सांगते, हे ऐकून मला आधी आनंद झाला. लाज नंतर वाटली. इतकी वर्षं ही माझ्यावर जळत होती आणि मला पत्ताच नव्हता! केवढं सुख वाया गेलं. मी तिच्यावर जळण्यात इतकी गुंतले होते की ती माझ्यावर जळते आहे हे बघायला मला सवडच झाली नाही.

मी घराचा नारळ उचलला. डोळ्यांना लावला आणि मांडीवर घट्ट धरला, म्हणजे हात परत कुठे जायला नको. आणि यांना म्हणाले, "शालींच्या घडीत कागद आहे. आणा आणि आत्ता सही करा. उद्यावर ठेवाल तर माझं काही खरं नाही."

यांना चष्मासुद्धा लागला नाही. पेन खिशातच होतं. दोन महिने खिशातच असावं असं मला वाटलं. सही करून यांनी कागद तिच्या हातात दिला आणि पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले, "सांग त्याले, उद्याच्या उद्या अर्ज टाक म्हणा. उशीर नको."

तिनं भाठ्याचा नारळ उचलला, थाळी पिशवीत घातली, आम्हा दोघांच्या पाया पडली आणि गेली. चहा घे म्हटलं तर नको म्हणाली. मी आत गेले आणि खिडकीशी उभी राहिले. हवा खरंच चांगली येत होती.

खिडकीतून फाटक दिसतं. जाऊ फाटकापाशी गेली, कडी काढली आणि एकदम खाली पायरीवर बसली. मला वाटलं चप्पल तुटली. पण ती उठेना. डोकं फाटकाच्या गजाला टेकवलेलं, नारळ मांडीत, आणि खांदे हलत होते. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर धावले.

"काय झालं गं? चक्कर आली का?"

ती पाणी प्यायली. अर्धं साडीवर सांडलं. तांब्या मलाच धरावा लागला.

"तुमी भाठ्याचा उचलला असता नं, ताई," ती म्हणाली, "त आज मी घरी कोणत्या तोंडानं गेली असती. यायले मी सांगितलंच नाई. ते दुकानात आहेत. त्यायले वाटते मी किराणा आणायले गेली."

"अगं, तू हव म्हणालीस!"

"मंग काय म्हणू? नाई म्हटलं असतं त तुमी हात लावला असता का?"

"आणि मी उचलला असता तर?"

"त देला असता," ती म्हणाली. "नारळ उचलल्यावर काय करणार?"

मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. चौबे कॉलनीतली दुपार, समोरच्या घरातल्या बाई गॅलरीतून बघत होत्या, बघू देत. ज्या दोन गोष्टींपैकी एकीवर हिचा उरलेला सगळा संसार उभा राहायचा होता त्यांतली हवी ती घे, उरेल ती आमची, म्हणून ही माझ्यासमोर बसली होती, माझ्यासमोर, जिनं तिला भांड्यांचं पोतं देऊन वाटेला लावलं होतं. भाठ्याचा, स्टेशनाचा, तिच्या काळ्या केसांचा, आजवर जेवढा म्हणून हेवा केला होता तो सगळा एकत्र केला तरी त्या क्षणी तिचा जो हेवा वाटला त्याच्या जवळपास आला नसता. हा मात्र मला पोटात ठेववेना.

"मी असते ना," मी म्हटलं, "तर असे वाटे घातले नसते. मला जमलं नसतं."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि नारळ पिशवीत टाकला.

"मालूम आहे, ताई," ती म्हणाली.